चार बोटं कोरडं

"सव्वातीन," लिलाधर म्हणाला.

तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता आणि उजव्या हाताची बोटं त्यानं डोंग्याच्या कडेला आडवी लावली होती. डोंग्यात मागे त्याचा मोठा भाऊ इतवारी बांबू रोवून उभा, पुढे इतवारीची बायको गुणाबाई मांडी घालून बसलेली.

"पुन्हा मोज," इतवारी म्हणाला.

"दोनदा मोजलं, दादा."

"भाऊजीचे बोटं जाड हायेत," गुणाबाई पाण्याकडे बघत म्हणाली. "ग्यारेजात पाने फिरवू फिरवू सुजले. ममताले मोजू द्या."

"ममताच्या बोटानं तं चार काय, पाच भरतीन. पन माप बाबाच्या बोटाचं हाये, वहिनी. अन् बाबाचा हात मले आला, हे तुमीच सांगता सगळ्याईले."

तलावाच्या बांधावर, पाळीवर, उभी असलेली लिलाधरची बायको ममता हसली. मग आपण हसायला नको होतं असं वाटून तिनं पदर तोंडाशी नेला.

माप साधं होतं. एकोडीच्या या तलावात शिंगाडा लावणाऱ्या मासेमार ढिवरांच्या घरांत ते गुणाबाईच्या सासऱ्याच्याही आधीपासून चालत आलं होतं. दोन माणसं डोंग्यात बसली की पाण्याच्या वर चार बोटं लाकूड कोरडं राहिलं पाहिजे. शिंगाडा तोडणारी बाई कडेवरून वाकते, वेलीचा झुबका उलटा करते, खालची फळं खुडते. तेवढ्या वाकण्यात एक बोट जातं. भरलेल्या पोत्यात दोन बोटं जातात. उरतं एक बोट, आणि त्या एका बोटावर जीव असतो. शिंगाड्याच्या तलावात पडलेल्या माणसाला पोहता येत असून उपयोग होत नाही. वेली पायांना धरतात आणि सोडत नाहीत.

उद्या शिंगाड्याची पहिली तोड होती.

"ममता बसन उद्या," इतवारी म्हणाला. तो गुणाबाईशी बोलत होता की पाण्याशी, ते कळलं नाही.

"बसू द्या ना. म्या कुठं नाई म्हनलं."

लिलाधरनं हात पुढे केला. तो न धरता गुणाबाई एक गुडघा टेकवून, मग दुसरा उचलून पाण्यात उतरली. ती उतरली तसा डोंगा वर उचलला गेला. ते चौघांनाही दिसलं. 

लग्न होऊन आली त्या वर्षापासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, डोंग्यातली पुढची जागा गुणाबाईची होती. मधलं एकच वर्ष सुटलं होतं. घरात इतवारी फारसा बोलत नसे. भात वाढ, जाळं कुठं ठेवलं, एवढंच. पण डोंग्यात त्याला वाचा फुटायची. मागून बांबू मारता मारता तो कायकाय सांगायचा. लहानपणी ताप आला तेव्हा स्वप्नात कसला मासा दिसला होता, चिखलातली मरळ हाताला कशी लागते, साकोलीच्या बस स्टँडवर कोण भेटलं. त्याचं तोंड तिला दिसत नसे आणि तिचं त्याला. म्हणूनच त्याला बोलता येत असावं. ती फळं खुडत हं हं करायची, आणि मध्येच सुचेल ते गुणगुणायची.

*पान्यावर हिरवी येल, येलीखाली काटा गं*
*माया धन्याचा बांबू सांगे, पान्यामंदी वाटा गं*

ओवी तिनंच जुळवली होती. इतवारीनं ती चांगली म्हटली नव्हती की वाईटही म्हटली नव्हती. पण ती थांबली तर बांबूही थोडा वेळ थांबायचा.

सुटलं होतं ते दोन वर्षांपूर्वीचं वर्ष. तेव्हा तिचं वजन चौऱ्याऐंशी होतं आणि लाकूड तीनच बोटं कोरडं राहायचं. एकदा वाकताना पाणी आत आलं. इतवारीनं बांबू टाकून तिचा दंड धरला, म्हणून निभावलं. त्याच हिवाळ्यात उपकेंद्रात रक्त तपासलं, तर साखर निघाली. रीता सिस्टरनं कागदावर दोन वाट्या काढल्या, एक मोठी आणि एक लहान. मोठीवर काट मारली.

"एवढासाच भात," ती म्हणाली. "अन् चालायचं."

"सिस्टर, भात नाई खाल्ला तं आमच्याकडं मानूस जेवला असं धरतच नाईत."

"मग जेवला नाही असं धरू द्या."

गुणाबाईनं तसं धरू दिलं. दीड वर्ष. लहान वाटीचा भात, बाकी लाखोरीचं वरण आणि भाजी. मासा तर घरचाच. सकाळी गावापासून मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत जायचं आणि यायचं. पहिले काही दिवस बाया विचारायच्या, कोन्या गावाले चालली वो? ती म्हणायची, कुठंच नाई, परत येवाले चालली. शेजारची सत्यभामाबाई म्हणायची, हिनं चपला झिजवल्या, आंग नाई झिजलं. मग अंगही झिजलं. पोलकी सैल झाली. या मार्चमध्ये सिस्टरच्या काट्यावर सहासष्ट आलं. त्याआधी, गेल्या दिवाळीच्या तोडीला, लिलाधरच्या जाड बोटांनीच चार भरली होती आणि इतवारी तीन आठवडे बोलत होता.

मार्चमध्ये सातवा महिना लागला म्हणून लेक ज्योत्सना करडीच्या सासरहून बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं पोर. गुणाबाईला हौस आवरली नाही.

तिची सासू सांगत असे, पोर रडल्याचं कानानं ऐकल्याशिवाय डिंक तळायचा नाही. लाडू पोराच्या मागून यायचे असतात, पुढे नाही. गुणाबाईला हे पाठ होतं. पण त्या आठवड्यात डिंक चांगला मिळाला, खोबरं घरात होतं, मोहफुलं पडायला लागली की दुपारचा वेळ मिळणार नव्हता. शिवाय दीड वर्षात एवढं सगळं सरळ झालं होतं की आता काही वाकडं होईल असं तिच्या मनातच आलं नाही. तिनं साठ लाडू बांधले. स्टीलच्या मोठ्या डब्यात रचले, डबा फळीवर ठेवला. इतवारी म्हणाला, जराशी घाई नाई झाली का? ती म्हणाली, तुमाले काय समजते यातलं.

पोर पाच आठवडे आधी आलं. मुलगा होता. भंडाऱ्याला काचेच्या पेटीत तीन दिवस होता. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. चौथ्या दिवशी गुणाबाई रिकाम्या हातांनी लेकीला घेऊन घरी आली.

ज्योत्सनाची छाती भरून दुखायची. त्यावर गुणाबाई मोगऱ्याची फुलं बांधायची, दूध आटावं म्हणून. अशा बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोण देतं? महिनाभरानं जावई यादोराव येऊन तिला करडीला घेऊन गेले. जाताना तिनं एकदा फळीकडे पाहिलं. घर मोकळं झालं, आणि फळीवर डबा राहिला.

तो शेजारी देता येत नव्हता. असल्या घरचा बाळंतिणीचा लाडू कोण हातात घेईल? ढोरांपुढे टाकवत नव्हता. इतवारी एकदा म्हणाला होता, तलावात सोडून दे, मासे खातीन. तिनं डबा उचलला, पाळीपर्यंत नेला आणि परत आणला. त्याच दुपारी तिनं एक लाडू खाल्ला. उभ्याउभ्याच, फळीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी दोन. आपण बांधले, आपणच संपवायचे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कुणाला सांगितलं नाही. लाडवांचं काय केलं हे कुणी विचारलंही नाही.

महिनाभरात डबा संपला, पण हाताची सवय संपली नाही. लाडू नव्हते तेव्हा गूळ-पोहे होते. भाताची वाटी मोठी झाली. फाट्यापर्यंत जाणं तर आधीच थांबलं होतं, कारण वाटेत बाया विचारायच्या, ज्योत्सना कशी हाये? भाताच्या रोवण्याच्या दिवसांत गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला. शिंगाड्याचं निंदण तिनं एकदाही डोंग्यात बसून केलं नाही. काहीतरी कारण सांगून ती दर वेळी ममताला किंवा लिलाधरला पाठवत राहिली. आज मात्र मोजणं टळलं नाही.

पाळीवरून ती घरी गेली नाही. ओल्या लुगड्यानंच उपकेंद्रात गेली. मार्चनंतर पहिल्यांदा.

रीता सिस्टर लसीचे डबे पुसत होती. तिनं वर पाहिलं आणि काटा पायानं पुढे सरकवला. "या."

गुणाबाई चढली. "लुगडं वलं हाये. त्याचं अर्धा किलो कमी करा."

"करते. सत्याहत्तर."

"अर्धा किलो कमी करून?"

"करून."

गुणाबाई काट्यावरून उतरली, पण बसली नाही. सिस्टर रागावेल म्हणून तिनं वाटेत उत्तरं जुळवली होती. गुडघा, रोवणा, पाऊस. सिस्टर रागावली नाही. तिनं साखर तपासली, आकडा सांगितला, गोळ्या काढून दिल्या.

"दिवाळीपर्यंत किती उतरन?" गुणाबाईनं विचारलं.

"महिनाही नाही राहिला. दोन किलो. फार तर तीन."

"तेवढ्यानं पाव बोट नाई व्हत."

"काय नाही होत?"

"काई नाई. आमचं माप येगळं हाये."

"हे बघा गुणाबाई," सिस्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली, "अठरा किलो तुम्ही उतरवलं होतं. मी नाही, गोळीनं नाही. अकरा परत आलं. म्हणजे सात अजून तुमच्याकडेच आहे ना? सगळं गेलं असं कशाला धरता?"

गुणाबाईनं मनात वजाबाकी केली. सात बरोबर होतं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी लाडू खाल्ले, सिस्टर," ती एकदम म्हणाली. "बाळंतिनीचे. पोर व्हायच्या आधी बांधून ठेवले व्हते. साठ."

 सिस्टरनं उठून लसीचा डबा पुन्हा हातात घेतला.

"ज्योत्सनाला माहीत आहे?"

"नाई."

"तिला सांगा. मला सांगून काय होणार? मी फक्त वजन करते."

संध्याकाळी चूल पेटवत असतानाच ज्योत्सनाचा फोन आला. ममतानं तिला आधीच कळवलं होतं, हे पहिल्याच वाक्यात कळलं.

"माय, उद्या काकू बसून राहिली म्हने डोंग्यात?"

"हो."

"काहून? तुये पाय दुखून राहिले का?"

"पाय नाई. वजन वाढलं."

"कितीक?"

"अकरा."

"बापा. काय खाऊन राहिली व तू?"

गुणाबाईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. धूर झाला. इतवारी ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याला ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर. तिनं आवाज खाली आणला नाही.

"तुये लाडू खाल्ले."

पलीकडून नुसता करडीच्या घरातला टीव्ही.

"सगळे?" ज्योत्सनानं विचारलं.

"सगळे. साठ. तू आल्याबरोबरच बांधले व्हते म्या. पोर रडाच्या आधी बांधू नाई म्हनते. तुयी आजी सांगे. तरी बांधले."

ओसरीवर जाळ्यातली सुई थांबली.

"माय," ज्योत्सना म्हणाली, "डॉक्टरनं काय सांगतलं मले? माया पोटातलं पानी आधीच फुटलं. तुया डिंकानं नाई फुटलं."

"मालूम हाये."

"मालूम हाये तं साठ कायले खाल्ले?"

 गुणाबाईनं भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"कसे झाल्ते?" लेकीनं विचारलं.

"काय?"

"लाडू व."

"चांगले झाल्ते. डिंक जराशी कच्चा राह्यला. घाई केली ना."

"मले एकई नाई ठेवला." ज्योत्सनाचा आवाज हसल्यासारखा सुरू झाला आणि तसा राहिला नाही. "मी पाहत व्हती ना रोज डब्बा. वाटे, माय देईन. मंग वाटे, नाई देल्ला तं बरं. मी मांगतला असता तं तू रडली असती."

 टीव्हीवर कसली तरी जाहिरात लागली, संपली. मग ज्योत्सना नाक ओढून म्हणाली, "आता काय जेवून राहिली?"

"भात."

"कोन्या वाटीनं?"

"लहान्या."

"दाखव. यादोरावच्या मोबाईलवर फोटो पाठव. तुया भरवसा नाई मले आता."

गुणाबाईला फोटो पाठवता येत नव्हता. तो इतवारीनं काढला. लहान वाटी, तिच्या शेजारी वरण, मागे चुलीचा उजेड. पाठवून झाल्यावर तो ताटावर बसला आणि खाली बघत जेवला. उठताना म्हणाला, "मले मालूम व्हतं."

"काय?"

"डब्बा रोज हलका व्हऊन राह्यला व्हता. म्या उचलून पाह्यलं ना." हात धुता धुता तो पुढे म्हणाला, "खाऊ देल्लं. काय म्हनू?"

सकाळी धुकं पाण्यावरून पुरतं उठलं नव्हतं तेव्हाच सगळे पाळीवर होते. इतवारीनं डोंग्याच्या टोकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा गुणाबाईनं हातात घेतला आणि ममताच्या पदरात टाकला.

ममता पुढच्या जागेवर बसली ती दोन्ही कडा घट्ट धरून. लिलाधरनं बोटं लावली. साडेचार.

"कडा सोड," गुणाबाई पाळीवरून म्हणाली. "कडा धरून बसशीन तं शिंगाडे कायनं तोडशीन, दातानं?"

"भेव लागते, बाई. तुमीच या ना."

"भेव लागनच. आंगठ्याकडून हात घाल. झुबका वर वळव, खालून काटा पाह्य, मंग खुड. ओढू नको. ओढलं का डोंगाच वळते."

पहिल्या झुबक्याला ममतानं हात घातला आणि काटा लागून मागे घेतला. दुसऱ्याला चार फळं आली, काळपट लाल, ओली. ती तिनं वर धरून दाखवली.

"मले काय दाखवते? पोत्यात टाक."

वेली तलावाच्या मध्यापासून पलीकडे दाट होत्या. तिथवर जायची मोकळी वाट पाळीच्या कडेकडेनं होती. इतवारीनं बांबू मारला आणि डोंगा त्या वाटेला लागला. गुणाबाई परत फिरणार होती. घरी उकडायची कढई घासायची होती, जळण फोडायचं होतं. पण तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि पाळीवरून डोंग्याच्या बाजूनं चालायला लागली.

थोडं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की ती चालते आहे तेवढाच डोंगा सरकतो आहे. तिनं गवतातला दगड चुकवायला पाय थांबवला, तर बांबूही पाण्यात उभा राहिला.

"असं हळू काहून?" तिनं विचारलं.

"ममता नवीन हाये," इतवारी म्हणाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नव्हतं. "शिकून राह्यली."

"ममता इथं काय शिकते? इथं एक येल नाई."

ममतानं मागे वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड पुढे केलं.

"तुया गुडघा," तो म्हणाला.

"माया गुडघा माया हाये. ऊन चढाच्या आधी मधात जा. चला, मारा बांबू."

इतवारीनं एकदा पाळीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी बांबू खोल रोवला आणि अंगाचा भार देऊन ढकलला. डोंगा पुढे सटकला. ममता "बाई वो" म्हणाली आणि तिचे हात पुन्हा कडांवर गेले. थोडंसं पुढे जाऊन ते सुटले.

गुणाबाई चालत राहिली. वाट आत वळली तसा डोंगा पाळीपासून दूर जायला लागला. इतवारी काहीतरी बोलत होता. सूर ऐकू येत होता, शब्द येत नव्हते. हं हं ममता म्हणत असेल, किंवा कुणीच म्हणत नसेल.

पाळीच्या टोकाला, पाणी सोडायच्या मोरीपाशी, गुडघ्यात कळ आली. मोरीचा कठडा बसण्याजोगा होता. ती बसली नाही. एक पाय झटकला, पदर कमरेला खोचला आणि मागे फिरली. आलेली वाट आता उजव्या हाताला तलाव ठेवून पुन्हा समोर होती.

आत, हिरव्याच्या मधोमध, डोंगा थांबला होता. पुढे बसलेली बाई वाकत होती, उठत होती. लाकूड किती कोरडं आहे ते इथून दिसत नव्हतं.